तिकीट काढून आणलेली सवत

बिबट्यानं आमची दोन कुत्री नेली. पहिलं मोकळं फिरायचं, ते कधी गेलं कळलंच नाही. दुसरं साखळीला बांधलेलं होतं. सकाळी उठून बघितलं तर साखळी होती, गळ्यातला पट्टा होता, कुत्रं नव्हतं. आष्ट्याच्या शिवारात आता बिबट्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. एक फड तुटला की तो दुसऱ्या फडात जातो, आणि ऊस तर बारा महिने कुठं ना कुठं उभा असतोच.

आमची वस्ती गावापासून लांब, तिन्ही बाजूंनी ऊस. घरात मी आणि मालक, दोघंच. मुलगा पुण्यात, मुलगी साताऱ्यात दिली आहे. मालक फौजेतून सुभेदार होऊन आले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांना तिसरं कुत्रं आणायचं होतं. मी म्हटलं, बिबट्याला जेवणच वाढायचं असेल तर ताटात वाढा, त्यासाठी कुत्रं पाळायला नको. मग ते मांजर म्हणाले. मांजराचा आमच्या वस्तीला काय उपयोग? बिबट्या आला तर ते आधी माळ्यावर जाऊन बसेल, आणि बाकीचे दिवस माझ्या दुधावर टपून राहील.

राजहंस आणायचा ही कल्पना माझी होती. हे मी आधीच लिहून ठेवते. कारण आज गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की सुभेदारांनी राजहंस पाळलाय.

मी साताऱ्याला लेकीकडं गेले होते. तिच्या शेजाऱ्यांकडं ही पाखरं होती. पांढरीशुभ्र, लांब मानेची, केशरी चोचीची मोठी बदकं. आमच्याकडं सगळे त्यांना राजहंसच म्हणतात. एक दिवस गॅसची टाकी घेऊन माणूस आला, तर त्या पाखरांनी त्याला फाटकाच्या आत पाय टाकू दिला नाही. मान जमिनीसपाट करून अंगावर धावली आणि असा कालवा केला की गल्लीतली सगळी माणसं दारात आली. मला तिथंच पटलं. हे कुत्र्यासारखं रात्रभर उगाच भुंकत नाही, गवत खातं, आणि रात्री जाळीच्या खुराड्यात कोंडलं की बिबट्याचा पंजा पोचत नाही. काही हललं की ओरडेल, आपण दिवा लावू. माझं काम झालं.

त्यातली एक तरणी मादी मी मागून घेतली. पोत्यात घातली, मान तेवढी बाहेर ठेवली आणि सांगलीच्या एसटीत बसले. कंडक्टर आला, त्यानं आधी पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मावशी, हे उभं हाय का बसलंय?"

"बसलंय."

"मग तिकीट लागंल."

अख्खी गाडी हसली. मी अर्धं तिकीट काढलं. कराडच्या स्टँडवर गर्दी आत घुसली तेव्हा ती बिथरली आणि माझ्या अंगठ्याला जी धरली ती सोडायलाच तयार नाही. रक्त आलं. पदराचं टोक अंगठ्याला गुंडाळून मी आष्ट्यापर्यंत आले.

आमच्याकडं एक रीत आहे. कोंबडी असो, मांजर असो, नवं काही घरात आणलं की त्याला चुलीभोवती पाच वेळा फिरवायचं. मग ते घर सोडून जात नाही. आणि ज्याच्या हातून फिरवलं त्याचं ते होतं, त्याच्या मागं मागं राहतं. माझ्या सासूनं आयुष्यात एकाही कोंबडीला दुसऱ्या कुणाच्या हातानं फेरी घालू दिली नाही. आता स्वयंपाकघरात गॅस आला आणि ओटा भिंतीला चिकटला, त्याच्याभोवती कोण फिरणार? पण मागं न्हाणीजवळ पाणी तापवायची चूल अजून आहे, मोकळ्यात. तिच्याभोवती फिरता येतं.

घरी आल्यावर मी पोतं मालकांच्या हातात दिलं. म्हटलं, जरा धरा, अंगठ्याला हळद लावते आणि येते. मी आत गेले. डबा सापडायला वेळ लागला. बाहेर येऊन बघते तर मालक पाखरू काखेत धरून चुलीभोवती फिरत होते.

"आवं, थांबा की. मी आणलीय ती."

"आता काय थांबायचं? तीन झाल्या."

आणि उरलेल्या दोनही त्यांनीच घातल्या.

शिकलेली माणसं म्हणतील की हे थोतांड आहे. असेल. पण दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या मागं जायला लागली ती लागलीच. ते संडासला गेले तर दाराबाहेर उभी. ते पाटावर बसून दाढी करायला लागले की शेजारी बसून आरशात बघायची. चारा मी द्यायची. ज्वारी मी भिजत घालायची, कांद्याची पात मी चिरायची, खुराडं मी झाडायची. आणि मी जवळ गेले की मान लांब करून फुस्स करायची.

कामाला ती चोख होती, हे मला कबूल आहे. एकदा पहाटे असं ओरडली की मालकांनी बॅटरी टाकली, तर बांधालगतच्या उसाचे शेंडे हलत लांब जाताना दिसले. त्यानंतर मालक गावभर सांगत सुटले. त्यात मी कुठंच नव्हते.

पण मला जे लागलं ते वेगळं होतं.

आमचे मालक बोलणारे नव्हेत. लग्न झालं तेव्हा ते नुकतेच भरती झाले होते. वर्षाकाठी सुट्टीवर यायचे तेव्हा दिवसभर सासऱ्यांजवळ नाहीतर पारावर. माणसांदेखत बायकोशी बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि एकांतात बोलायला त्यांच्याकडं काही नसायचं. पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं. घरात वाचता येणारी मी एकटी, चौथी झालेली. म्हणून ते पत्र मलाच मोठ्यानं वाचायला लागायचं. बैलाची चौकशी असायची. विहिरीच्या पाण्याची असायची. आईच्या दम्याची असायची. आणि शेवटी, बाकी सर्वांना नमस्कार. त्या बाकी सर्वांत मी. सासू विचारायची, आणि काय लिहिलंय? मी म्हणायची, एवढंच.

फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मला वाटलं होतं की आता बोलतील. नाही बोलले. चहा पाहिजे, टॉवेल कुठाय, लाइट गेली. याच्या पलीकडं आमचं संभाषण जात नव्हतं आणि मी त्याची सवय करून घेतली होती. माणूसच तसा आहे म्हटल्यावर तक्रार कुणाकडं करणार?

मग ती आली, आणि कळलं की माणूस तसा नव्हता.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की पहिला आवाज मालकांचा. "आव बेटा, आव. झोप झाली?" बेटा. पोटच्या पोरांना कधी बेटा म्हटलं नाही या माणसानं. मी ओट्याशी उभी राहून ऐकायची. आज ऊन लय हाय, हौदात बस. आज जेवली न्हाईस, पोट बिघडलं का? एकदा तिच्या पायात काचेचा तुकडा गेला. तर चष्मा लावून, मांडीवर घेऊन, चिमट्यानं काढला. वर फुंकर घातली. माझे गुडघे पाच-सहा वर्षं दुखत होते. जिना सोडा, उंबरा ओलांडताना मी चौकट धरत होते. ते त्यांनी रोज बघितलं होतं. फुंकर राहू द्या, एका शब्दानं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ते बांधावरनं फिरायला जायचे. ते पुढं, हात मागं बांधून, आणि ती त्यांच्या पावलामागं. वळणावर ते फौजेतल्यासारखं म्हणायचे, "बाएँ मुड़." आणि ती वळायची. वळणार नाही तर काय करेल, बांध तिथं वळतोच. पण रस्त्यावरनं जाणारी पोरं गाड्या थांबवून बघायची आणि मालक हसायचे. तोंड भरून. मला ते हसणं ओळखीचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची मागची दाढ मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

शेजारच्या वस्तीवरची बाई ताक न्यायला येते. तोंडानं फटकळ आहे, म्हणून माझं तिच्याशी पटतं. तिनं एक दिवस उभ्या उभ्या तो सगळा खेळ बघितला आणि मला म्हणाली, "काकी, लोकांच्यात नवरा सवत आणतो. तुमी सोताच आणली की, एस्टीनं, तिकीट काढून."

"अर्धं तिकीट," मी म्हटलं.

ती हसत गेली. मी हसले नाही.

मी काही साधीभोळी नाही. मी माझे प्रयत्न केले. आधी मी तिला माझ्याकडं ओढायला बघितलं. मेथी घातली, भिजवलेली डाळ घातली. ती खायची, चोच पुसायची आणि त्यांच्याकडं निघून जायची. मग मी चारा उशिरा द्यायला लागले. तर मालक स्वतः उठून ज्वारी भिजत घालायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो ज्वारी धुऊन, खडे काढून भिजत घालत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढं तर ते सोप्यात खुर्चीवर बसले की ती खुर्चीपुढं बसायची आणि मी चहा घेऊन गेले तर वाट अडवायची. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याला चहा द्यायला मला तिच्या बाजूनं वळसा घालून जावं लागायचं. मालक म्हणायचे, तू जरा लांबनं दे.

दिवाळीनंतर माझा उजवा गुडघा पार धरला. लेक आली आणि मला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढले आणि म्हणाले की वाटी बदलायला लागेल, दोन्ही नाही तरी एक लगेच. फौजेच्या कार्डावर होत होतं, त्याची चिंता नव्हती. दवाखान्यात सोबतीला कोण राहणार एवढंच ठरायचं होतं. लेकीच्या मुलांची शाळा होती. तिनं फोनवर बापाला सरळ विचारलं. मी शेजारीच बसले होते आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

मालक म्हणाले, "हिला टाकून मी कसा येऊ? बिबट्या टपून बसलाय. तूच ऱ्हा की चार दिवस."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. हिला म्हणजे कुणाला, ते तिला सांगायची गरज नव्हती.

मला भूल चढवणार होते. सत्तरी उलटलेल्या बाईला भूल दिली की काय होईल ते कुणी लिहून देत नाही, उलट आपल्याकडनंच लिहून घेतात. त्या वेळी तो माणूस तिथं असावा, एवढंच मला पाहिजे होतं. बोलला नाही तरी चालेल. बाकड्यावर बसला तरी चालेल. आणि तो एका पाखरासाठी घरी बसणार होता.

घरी आल्यावर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल. तिसऱ्या दिवशी ते गावात केस कापायला गेले. ती फाटकापाशी त्यांची वाट बघत उभी होती. मी घमेल्यात ज्वारी घेऊन गेले, पोतं तिच्यावर टाकलं आणि उचलली. वजनदार होती, माझ्या चाऱ्यानं झालेली. तशीच काखेत मारून मागं चुलीपाशी नेली आणि उलट्या फेऱ्या घालायला लागले.

सुलट्या फेऱ्यांनी बांधलेलं उलट्या फेऱ्यांनी सुटतं, हे सासूनंच सांगितलं होतं. कोंबडी विकायची झाली की ती असं करायची, म्हणजे कोंबडी नव्या घरी रमते. मी तिला सोडवून साताऱ्याला परत पाठवणार होते. ठरवलंच होतं. पण हिशोबात गुडघा धरला नव्हता. एक फेरी झाली, दुसरीला पाय उचलेना. मी न्हाणीची भिंत धरली, पुन्हा निघाले. ती पोत्याच्या आतून माझ्या दंडाला चावत होती. चाव म्हटलं, मीपण सोडत नाही.

फाटक वाजलं. मालक मागच्या दारात येऊन उभे राहिले. केस कापलेले, मानेवर पावडर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, आणि मी कोणत्या बाजूनं फिरतेय ते बघितलं. ते याच घरात वाढलेले. त्यांना सांगायला लागलं नाही.

"हिला सातारला धाडलीस तर तुझा गुडघा बरा हुणार हाय का?"

"गुडघा न्हाई हुणार," मी म्हटलं. "पण तुमी दवाखान्यात तरी याल."

मला वाटलं, आता पोतं हिसकावून घेतील आणि तिला बेटा म्हणत पुढच्या अंगणात जातील. त्यांनी पोतं घेतलं, तिला खाली सोडली. ती पंख झाडून त्यांच्या पायाशी उभी राहिली. पण ते तिच्याकडं वाकले नाहीत. माझ्या दंडाकडं बघत होते. चाव्याचे निळे वळ उठले होते. मग त्यांनी माझ्या कोपराला धरलं आणि मला पायरीवर बसवलं. हात कसा धरायचा ते त्यांना नीट जमलं नाही, जखमी शिपायाला धरावं तसा धरला.

आणि म्हणाले, "किती दिवसाची कापडं घ्यायची?"

शेजारच्या बाईनं तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं. मालक खुराडं ट्रॅक्टरवर घालून तिकडं पोचवून आले. आल्यावर तोंड उतरलेलं होतं. मी बघितलं आणि मला पुन्हा राग आला, पण गप्प बसले. जिंकलेल्या माणसानं जास्त बोलू नये.

दवाखान्यात ते राहिले. बाकड्यावर बसले, पेपर वाचला, सलाइन संपत आलं की नर्सला हाक मारली. भुलीतून जागी झाले तेव्हा समोर तेच होते. मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. पण रोज संध्याकाळी ते मोबाइल घेऊन बाहेर जिन्यापाशी जायचे. दार उघडं असायचं. मला पाय हलवता येत नव्हता, कान चांगले होते. "जेवली का? ओरडती का? माझी वाट बघती का?" शेजारची बाई काय सांगत होती कोण जाणे, ते बराच वेळ ऐकत उभे राहायचे. आत आल्यावर मला म्हणायचे, नेटवर्क नव्हतं.

मग मला चालवायला लागले. व्यायाम घेणारी मुलगी यायची, वॉकर पुढं ठेवायची, म्हणायची, आजी, पाऊल टाका. मी घाबरायची. नवी वाटी, आपला भरवसा नाही. एक दिवस तिला दुसरीकडं बोलावणं आलं, तर ती मालकांना म्हणाली, आजोबा, तुम्ही पुढं चालत राहा, त्या येतील.

मालक माझ्यापुढं गेले. हात मागं बांधले. आणि लांबलचक व्हरांड्यात, सगळे पेशंट बघत असताना म्हणाले, "चलो. बायाँ. दायाँ. बायाँ."

मी निघाले. दुसरं काय करणार? वॉकर खडखडत होता, ते पुढं, मी त्यांच्या पावलामागं. व्हरांड्याचं टोक आलं तेव्हा ते न बघता म्हणाले, "बाएँ मुड़." खाटेवरची एक बाई हसली. मला राग यायला पाहिजे होता. पाखराचे शब्द होते ते, तिच्यावर वापरून वापरून गुळगुळीत झालेले, आणि उरलेसुरले माझ्या वाट्याला आलेले. पण मी वळले. खाटेपाशी पोचल्यावर त्यांनी मागं बघितलं आणि विचारलं, "दुखतंय का गं?"

मी म्हटलं, दुखतंय. खरं तर त्या वेळी फारसं दुखत नव्हतं. पण इतक्या वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाला नाही असं उत्तर कोण देईल?

आता मी घरी आहे, काठी घेऊन चालते. तीही घरी आहे. साताऱ्याला पाठवायचं मी सोडून दिलं. बिबट्या अजून उसातच आहे, आणि ओरडायला कुणीतरी पाहिजे. ज्वारी तेच भिजवतात. सकाळी खुराड्याचं दार उघडताना अजून बेटाच म्हणतात, आणि ते ऐकलं की माझा हात अजून ओट्यावर जरा जोरात आपटतो.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे. म्हणून संध्याकाळी बांधावर आम्ही तिघं असतो. मालक पुढं. त्यांच्यामागं मी. माझ्यामागं ती. बांध अरुंद आहे, दोघींना शेजारी चालता येत नाही. तिला तिची जुनी जागा पाहिजे असते. मान लांब करून ती माझ्या नऊवारीच्या काठाशी येते, फुस्स करते, बाजूनं पुढं घुसायला बघते. तेव्हा मी मागं न बघता काठी आडवी धरते.

पुढनं आवाज येतो, "बाएँ मुड़." मी आधी वळते.